शेगडी चौघांची, पंगत बाराजणांची

घरी मित्रमंडळी जमवायची, बाहेरून काही मागवायचं नाही, सगळ्यांनी मिळून रांधायचं, असा बेत ठरला की त्यात एखादा घोटाळा धरूनच चालावं लागतं. भात बुडाला लागतो आणि वरच्या शितांत कणी राहते. दूध उतू जातं. रश्श्यात मीठ दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही. कुकरच्या शिट्टीऐवजी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि छतावर डाळीचा पिवळा डाग कायमचा मुक्कामाला येतो. मग जेवताना खटला उभा राहतो आणि त्यात आरोपी नेहमी माणूसच असतो: कुणाचं लक्ष नव्हतं, कुणाला अंदाज नाही, कुणी गप्पांत रंगलं होतं. रोज चार माणसांचं जेवण सहज उरकणारी व्यक्तीसुद्धा त्या दिवशी चुकते, हा पुरावा मात्र कुणी विचारात घेत नाही. हात तोच, चव तीच, स्वयंपाकघर तेच, आणि तरी पदार्थ बिघडतो. तेव्हा दोष माणसांत शोधण्याआधी मापात शोधायला हवा. चौघांसाठी मांडलेल्या ओट्यावर बाराजणांचं रांधताना तिप्पट होतात ते फक्त जिन्नस. शेगडीची आंच, पातेल्याचा तळ, भिंतीवरचा विजेचा बोर्ड आणि विस्तवापाशी उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष, यांतलं काहीच तिप्पट होत नाही. मित्रांसोबतच्या स्वयंपाकातले बहुतेक गोंधळ या तफावतीतून येतात.

गॅलिलिओच्या १६३८ साली छापल्या गेलेल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात एक हिशेब आहे. वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली की तिचं पृष्ठफळ चौपट होतं, पण घनफळ आठपट होतं. त्याच्या डोळ्यांसमोर तुळया होत्या, प्राण्यांची हाडं होती; पण पातेल्यालाही हाच नियम लागू पडतो. उष्णता आत शिरते ती तळातून, म्हणजे पृष्ठभागातून, आणि तापवायचं असतं ते घनफळ. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते, पाच लिटरला ३७५. घरगुती शेगडीचा बर्नर दोन्ही वेळा तेवढाच जळतो. म्हणजे जे पाणी एरवी चार-पाच मिनिटांत उकळतं त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागणार, यात कुणाचीही हलगर्जी नाही. पातळ पदार्थात निदान तळाचं तापलेलं पाणी वर येतं आणि वरचं गार पाणी खाली जातं, त्यामुळे उशीर झाला तरी सगळं सारखं तापतं. पिठलं, खिचडी, शिरा, पावभाजीची भाजी अशा दाट पदार्थांत हे फिरणं जवळजवळ थांबतं. तळाचा थर तापतच राहतो, त्यातलं पाणी उडून जातं, आणि पाणी असेपर्यंत १०० अंशांपाशी थांबलेलं तापमान त्यानंतर भराभर चढतं. वरचा थर तेव्हा जेमतेम गरम झालेला असतो. एकाच पातेल्यात करपलेलं आणि कच्चं शेजारी शेजारी सापडतं ते यामुळे. पातेल्याखाली जाड तवा ठेवण्याची जुनी युक्ती चालते, कारण तवा ज्योतीखालच्या गोल पट्ट्यातली उष्णता सगळ्या तळाला वाटून देतो. आणि एवढं करूनही लागलंच, तर उलथन्याने तळ खरवडू नये. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावं. करपलेल्या थराचा वास ढवळण्यानेच सगळ्या पातेल्याला लागतो.

आंचेपाठोपाठ फसवतं ते त्रैराशिक. चौघांच्या पाककृतीतल्या प्रत्येक आकड्याला तीनने गुणलं की बाराजणांची पाककृती तयार, असं आपण गृहीत धरतो. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’सारख्या पुस्तकांनी वाटी-चमच्याची मापं घराघरांत रुजवली, आणि त्यामुळे नवशिक्यालाही भरवशाने रांधता येऊ लागलं हे त्यांचं मोठंच काम, पण वाटी हे कुटुंबाचं माप आहे, पंगतीचं नव्हे. भाताचंच पाहा. उघड्या पातेल्यात एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालतो, तेव्हा त्यातलं काही तांदूळ पितो आणि काही वाफेवर जातं. तांदूळ पिणार ते पाणी तांदळाच्या पटीत वाढतं. वाफेवर जाणारं पाणी किती, हे ठरतं भांड्याचं तोंड केवढं आणि शिजायला वेळ किती यांवर. आठ वाट्या तांदळाला इमानदारीने सोळा वाट्या पाणी घातलं की भाताचा गिचका होतो आणि दोष तांदळाच्या दुकानदाराला जातो. रश्श्याच्या बाबतीत तेच, फक्त वेळेच्या रूपात: तिप्पट पाणी तेवढ्याच तोंडाच्या पातेल्यातून आटायला कितीतरी जास्त वेळ घेतं, आणि साडेनऊ वाजले की कुणीतरी दाण्याचं कूट टाकून रस्सा दाट करायला धावतं. सगळ्यांत मोठी फसगत कांद्याची. कढईत चार कांदे परततात. बारा कांदे आधी पाणी सोडतात आणि त्या पाण्यात उकडत बसतात. पाणी संपेपर्यंत कांद्याला रंग चढतच नाही. पुस्तकातली पंधरा मिनिटं इथे पाऊण तासावर जातात, पाहुण्यांसमोर पाऊण तास कांदा परतण्याचा धीर कुणालाच नसतो, आणि वाटणाला शेवटपर्यंत कच्चा उग्रपणा राहतो. मग त्यावर गरम मसाल्याचा मारा होतो, जो अर्थातच उपयोगी पडत नाही. दोन कढयांत सहा-सहा कांदे परतणं हा एवढा साधा उपाय आहे, पण त्यासाठी दोन कढया आणि दोन मोकळे बर्नर लागतात.

तळणाला हेच गणित अधिक धोकादायक होतं. पुऱ्या, भजी, वडे यांना तेल साधारण १८० अंशांच्या आसपास लागतं. घाण्यात एका वेळी पाच-सहा भजी पडली तर तेल थोडं निवतं आणि लगेच सावरतं. घाई म्हणून पंधरा टाकली की तापमान इतकं उतरतं की भजी तळली न जाता तेलात भिजत पडतात. तेलकट भजी दिसली की ज्योत मोठी केली जाते, आणि दोन घाण्यांच्या मधे कुणी दाराची बेल ऐकून बाहेर गेलं की रिकाम्या कढईतलं तेल धूर सोडू लागतं. धुरानंतरची पायरी आगीची. त्या क्षणी माणसाचा हात आपोआप पाण्याकडे जातो आणि तिथेच घात होतो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि तिथल्या तापमानात क्षणात वाफ होतं. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर जागा मागते. ती वाफ पेटलेलं तेल घेऊन वर उडते. गॅस बंद करायचा, कढईवर मोठं ताट किंवा झाकण सरकवायचं आणि ते गार होईपर्यंत उचलायचं नाही, एवढंच करायचं असतं. म्हणून तळण चालू असताना कढईएवढं झाकण ओट्यावर हाताशी असावं. बहुतेक घरांत ते त्या दिवशी कोशिंबिरीवर असतं!

कुकरची गोष्ट जरा निराळी आहे, कारण कुकर मुळात सुरक्षिततेचा विचार करूनच जन्मला. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं वाफेचं भांडं दाखवलं आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाने दाबलेली झडप बसवली. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या काही सदस्यांना त्याने याच भांड्यात शिजवलेलं जेवण घातलं. जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत त्या मेजवानीची नोंद आहे आणि हाडंदेखील मऊ झाल्याचं नवल आहे. प्रेशर कुकरचं पहिलं गाजलेलं जेवणच मुळी मित्रमंडळींचं होतं म्हणायचं. आपल्या कुकरची शिट्टी ही त्याच झडपेची नात. वातावरणाच्या दाबावर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब आणखी चढला की आत पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि डाळ भराभर शिजते. पण या सगळ्या रचनेला वर मोकळी जागा लागते. एरवी कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, आणि डाळी-तांदळासारख्या फुगणाऱ्या, फेसाळणाऱ्या जिन्नसांनी अर्ध्यापेक्षा जास्त नाही, ही सूचना त्याच्या माहितीपुस्तिकेत असते. पाच लिटरच्या कुकरात बाराजणांची डाळ कोंबली की फेस आणि डाळीची सालं वाफेच्या नळीत अडकतात, शिट्टी मुकी होते आणि आतला दाब दुसरी वाट शोधतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याने आपलं काम चोख केलं. त्याच्या जागी भलताच व्हॉल्व्ह बसवणं किंवा वाफ आत असताना जोर लावून झाकण उघडणं, हे खरे घातक प्रकार. आणि घाई हीच त्या दिवसाची हवा असल्याने ते घडतातही. गरम वाटण मिक्सरच्या भांड्यात काठोकाठ भरून झाकण दाबून फिरवणं हे त्याचंच धाकटं भावंड: आत कोंडलेली वाफ झाकण उडवते आणि टोमॅटोचा रस चेहऱ्यावर येतो.

शेगडी कमी पडते म्हणून कुणी आपल्या घरून इंडक्शन घेऊन येतं, आणि मापाचा प्रश्न भिंतीत शिरतो. आपल्याकडे २३० व्होल्ट वीज येते. भिंतीवरचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे १,३८० वॉटचं धनी. मोठं १६ अँपिअरचं ३,६८० वॉट पेलतं. इंडक्शन बहुधा २,००० वॉटच्या आसपासची असते. ती लहान सॉकेटला जोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवायची, त्याच बोर्डावर मिक्सर आणि सरबतासाठी आणलेला ब्लेंडर, म्हणजे वायर तापणार हे उघड आहे. एमसीबी पडला तर ते नशीबच. न पडता प्लगचं प्लास्टिक मऊ होऊ लागलं तर वास येईपर्यंत कळत नाही. गॅस सिलिंडरचंही तसंच. १४.२ किलोचा सिलिंडर नेमका अशा संध्याकाळी संपतो यात योगायोग फारसा नाही, कारण एरवी तासभर जळणारी शेगडी त्या दिवशी पाच-पाच तास जळते. बदलताना घरात समई, मेणबत्ती, शेजारचा बर्नर पेटलेला नसावा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लक्षात ठेवणारं माणूस मात्र कुणी नेमलेलं नसतं. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला की खिडक्यांबरोबर दारही उघडावं आणि विजेच्या बटणांना हात लावू नये. गळतीच्या तक्रारीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे, तो फ्रीजच्या दारावर असायला हरकत नाही.

इथवरचं सगळं वस्तूंविषयी झालं. यावर एक आक्षेप लगेच येईल: माणसंही तिप्पट असतात की! बारा खाणारे तेच बारा राबणारे, मग हात कमी कसे पडतील? हात कमी पडतच नाहीत. बारा माणसं बसून मटार सोलतील, लसूण निवडतील, वांगी चिरतील, तर काम बाराव्या हिश्श्यात उरकतं. (वीस मिरच्या चिरणाऱ्याने मात्र बोटांना आधी तेल चोळून मग साबण लावावा, मिरचीतलं कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही.) कमी पडतं ते लक्ष, आणि लक्षाचा स्वभाव हातांच्या उलट आहे. माणसं वाढली की ते घटतं. बिब लाटाने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग स्वयंपाकघराला फार जवळचा आहे. खोलीत प्रश्नावली भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या समोर भिंतीतल्या जाळीतून धूर सोडला. एकट्याने बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी उठून कुणाला तरी सांगितलं. तिघा-तिघांचे गट बसवले तेव्हा ३८ टक्के गटांतच कुणीतरी उठलं. बाकीचे खोकत, डोळे चोळत कागद भरत राहिले; दुसरे शांत आहेत म्हणजे विशेष काही नसणार, असा प्रत्येकाचा कयास. कोजागरीला गच्चीवर आटत ठेवलेल्या दुधाचं हेच होतं. ‘दुधाकडे बघा रे’ हे वाक्य सगळ्यांना उद्देशून असतं, म्हणून ते कुणालाच उद्देशून नसतं. दुधाला तर वेळ अजिबात चालत नाही. वर सायीचा पातळ पडदा धरतो, खालून येणारी वाफ त्याखाली कोंडते आणि काही सेकंदांत सगळं फेसासकट वर चढतं. एरवी एका माणसाची नजर त्यावर असते. गच्चीवर वीस नजरा असतात, आणि सगळ्या चंद्राकडे.

मिठाचं कोडंही यातच सुटतं. एकजण रांधत असेल तर मीठ घातलं की नाही हे त्याच्या हाताला आठवतं. तिघे रांधत असतील तर प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने घातलं असेल, किंवा प्रत्येकजण सद्भावनेने चिमूटभर घालून जातो. खारट रश्श्यात बटाट्याच्या फोडी किंवा कणकेची गोळी टाकण्याचा उपाय मग कुणीतरी सुचवतंच. बटाटा खारं पाणी पितो हे खरं, पण पाण्यासकट पितो. उरलेल्या पाण्याचा खारटपणा त्याने कमी होत नाही. रश्श्यात पाणी, नारळाचं दूध किंवा बिनमिठाची डाळ घालून तो वाढवणं हाच उपाय, आणि बाराजण जेवायला असताना रस्सा वाढला म्हणून कुणाचं बिघडत नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि तो अधिक वजनदार आहे. आपल्या आज्या-पणज्या रोज वीस-पंचवीस माणसांचं रांधत होत्या, त्यांना कुणी गॅलिलिओ शिकवला होता? मग आज बाराजणांत आपली तारांबळ का उडते? हा सरळ कौशल्याचा ऱ्हास नव्हे काय? कौशल्य होतं हे निर्विवाद. पण ते कशावर उभं होतं हेही पाहायला हवं. तिथे चूल होती, चुलीला वैल होता, म्हणजे एकाच जाळावर मुख्य भांडं शिजत असताना दुसरं निवांत गरम राहत असे. पितळेची जाड बुडाची पातेली, मोठी तपेली, हातभर लांबीचा डाव, परातीएवढी परात, सगळं त्या मापाचं घडवलेलं होतं. वीस माणसं हा तिथला रोजचा आकडा होता, सणाचा नव्हे. भाताला पाणी किती याचा अंदाज त्याच भांड्यात, त्याच आंचेवर हजारदा घेतलेला असे. शिवाय त्या स्वयंपाकघरात एकट्या आजी नसत. हाताखाली तीन-चार बायका दिवसभर विनामोबदला उभ्या असत, आणि कुणी काय करायचं याची उतरंड ठरलेली असे. ती उतरंड पुन्हा यावी असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा आजीचं उदाहरण मापाच्या बाजूनेच साक्ष देतं: तिचं सगळं घरच पंचवीस माणसांच्या मापाचं होतं. आज आपलं घर चौघांचं आहे, आणि त्यातही सराव फार विषम वाटला गेलाय. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. पुरुषांपैकी मुळात घरकाम करणारे फक्त सुमारे एक चतुर्थांश. मित्रमंडळींच्या बेतात निम्मी मंडळी विस्तवाशी पाहुण्यासारखी वागतात, उरलेल्यांना परक्या ओट्यावर हळदीचा डबा सापडत नाही, आणि ज्या घरात बेत आहे तिथल्या बाईला स्वयंपाक न करताही सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत उभं राहावं लागतं.

माप सांभाळलं तर सामुदायिक रांधणं बिनघोर होतं, याचे दाखले महाराष्ट्रातच भरपूर आहेत. रायगडात थंडी पडली की पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला ठासून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, ढवळणं नाही, मीठ एकदाच. माणसं वाढली तर मडकं मोठं करायचं नसतं, दुसरं मडकं लावायचं असतं. गॅलिलिओचा नियम असा सहज चुकवलेला. खानदेशात भरीत पार्टीला शेतातच कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजतात. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते वांग्याला. पण कौतुक त्या पद्धतीचंही करायला हवं. प्रत्येक वांगं आपापलं स्वतंत्र भांडं असतं, दहा भाजा की दोनशे, आतून सारखीच शिजतात. विदर्भातले गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे याच जातीचे. आणि कोल्हापूरची रस्सा मंडळं! मित्रांची टोळी ठरल्या दिवशी मटण घेऊन शेतात किंवा कुणाच्या परड्यात जमते, एकजण चुलीपाशी बसतो आणि बाकीचे कांदा, लसूण, नारळ, भाकरी असे विखुरतात. पदार्थाची निवडही धोरणी. मटणाचा अळणी रस्सा एकच, त्यातूनच तांबडा आणि पांढरा निघतो, आणि ऐनवेळी दोन माणसं आगंतुक आली तर रस्सा वाढतो. भात किंवा वडे असे वाढत नाहीत. या सगळ्या प्रकारांत आंच पदार्थाएवढी रुंद असते, मुख्य पदार्थ एक असतो, विस्तवाचा मालक एकच असतो, आणि बाकी सगळ्या हातांना विस्तवापासून लांबचं काम असतं. फ्लॅटमधल्या बेतात आपण नेमकं उलटं करतो. शेगडी तेवढीच ठेवतो आणि पदार्थ सहा करतो: स्टार्टर दोन, भाजी, डाळ, पुलाव, वर गुलाबजाम. पदार्थ एक करावा, तो रश्श्याचा किंवा सुट्या नगांचा असावा, मोठ्या पातेल्याऐवजी दोन मध्यम पातेली चढवावीत आणि विस्तव एकाच्या नावावर लिहून द्यावा. बाकीच्यांनी बाहेरच्या खोलीत सोलत, निवडत, बोलत बसावं.

यावर शेवटचा आक्षेप रसिकांचा. असं सगळं आखून केलं तर मजा काय राहिली? उतू गेलेलं दूध, वाकड्या चपात्या, मोदकाच्या नावाखाली उकडलेले करंजीसारखे आकार, हेच तर वर्षानुवर्षं आठवतं. हे म्हणणं बरोबर आहे आणि त्याला धक्का लावायची गरज नाही. चपाती वाकडी होण्याने कुणाचं काही जात नाही. ज्याला भूक लागलीय त्याला तर त्रिकोणी चपातीही चालते. पण सगळ्या फजित्या एका जातीच्या नसतात. आकाराची, चवीची, वेळेची फजिती वेगळी आणि विस्तव, वाफ, वीज, शिळं अन्न यांची वेगळी. दुसरीची आठवण कातडीवर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात, आणि बायका-मुलांच्या बाबतीत हे बव्हंशी घरात, स्वयंपाकघरात घडतं. चार माणसांच्या ओट्यापाशी सातजण दाटीवाटीने उभे असताना उकळतं पातेलं उचलणं, त्यात लोंबती ओढणी, पायात घुटमळणारं पोर, ही गंमत नव्हे. भाजलंच तर नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नये, अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढावी, आणि फोड मोठा असेल किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील तर दवाखाना गाठावा. वीस मिनिटं हा काळ पाहुण्यांच्या घोळक्यात फार लांबतो आणि दोन मिनिटांत हात पुसून माणूस परत येतो, म्हणून आकडा ध्यानात ठेवलेला बरा.

मापाचा शेवटचा हिशेब जेवणं झाल्यावर लागतो, आणि त्याकडे सहसा कुणाचंच लक्ष नसतं. अंदाज चुकलेलाच असतो, त्यामुळे अर्धं पातेलं भात आणि तेवढीच भाजी उरते. जे पातेलं तापायला वेळ लावत होतं ते निवायलाही तेवढाच वेळ लावतं. कडेचा भात गार लागतो, पण मधला गाभा कितीतरी तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंशांमधली ती कोमट अवस्था जिवाणूंची आवडती. तांदळातल्या बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. कोमट भातात ते जागे होतात आणि त्यांचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मोठ्या हंड्यातल्या मटणा-रश्श्यावर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स टपलेला असतो. मनासारखी ऊब मिळाली की दहा मिनिटांच्या आसपास त्याची संख्या दुप्पट होते. लग्नाचे आचारी भात परातीत पसरतात तो मोकळा व्हावा म्हणून, पण निवण्यासाठीही तीच रीत उत्तम. उरलेला भात दोन परातींत पातळ पसरावा, रस्सा उथळ भांड्यांत वाटून घ्यावा, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत सगळं लहान लहान डब्यांत फ्रीजमध्ये जावं. निघणाऱ्या मित्रांच्या हातात डबा द्यायचा असेल तर तोही आधी निवलेला असावा. गरम भात प्लास्टिकच्या डब्यात दाबून, झाकण लावून पिशवीत घातला आणि डोंबिवलीहून विरारपर्यंतचा प्रवास करून तो रात्री तसाच ओट्यावर राहिला, तर सकाळी त्याला आंबूस वास नसला तरी तो फेकावा.